शनिवारचं मरोळ

जुने बाजार दाखवायचे म्हटलं की मुंबईकर पाहुण्याला दक्षिणेकडे घेऊन जातो. क्रॉफर्ड मार्केट, भुलेश्वर, मंगळदास मार्केट, चोरबाजार. त्याचं बरोबरच आहे. क्रॉफर्ड मार्केटला १८६९ सालची इमारत आहे, विल्यम इमर्सनचा आराखडा आहे, प्रवेशद्वारावर लॉकवुड किपलिंगने केलेली शिल्पं आहेत. ‘हे बघा’ म्हणून बोट दाखवता येतं. अंधेरीत बोट कशाकडे दाखवणार? इथल्या बाजारांसाठी कुणी शेठजींनी देणगी दिली नाही, कुणी घड्याळाचा मनोरा उभारला नाही. पण तेवढ्यावरून या बाजारांना नवं ठरवू नये. त्यांचं जुनेपण वारात आणि महिन्यात साठलेलं आहे, आणि ते बघायचं तर शनिवारी पहाटे मरोळला जायला हवं.

मरोळ म्हणजे अंधेरी पूर्व. एरवी या भागाची ओळख विमानतळ, सीप्झ, एमआयडीसी, काचेची ऑफिसं आणि संध्याकाळी सातला जागच्या जागी थिजलेली वाहतूक अशी. शनिवारी उजाडायच्या आत मात्र मरोळ-मरोशी रस्त्याजवळच्या मासळी बाजारात टेम्पो लागू लागतात. वेसावे, मढ, मनोरी, गोराई, उत्तन, वसई, अर्नाळा अशा कोळीवाड्यांतून बायका माल घेऊन येतात. गोण्या उतरतात, ताडपत्र्या पसरतात, आणि बघता बघता सुक्या मासळीचे ढीग उभे राहतात. इतर दिवशी इथे ओली मासळी असतेच. पण मरोळचं नाव झालं ते आठवड्यातून एकदा भरणाऱ्या या सुक्याच्या बाजारामुळे.

वासाबद्दल आधीच सांगून टाकतो, कारण अनेकांची गाडी तिथेच अडते. वास येतो, लांबून येतो आणि कपड्यांत बसून घरीही येतो. ज्यांना तो वास वाटतो त्यांच्यासाठी हा बाजार नाही. ज्यांना त्यातून जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी आठवते, त्यांना कुठल्या ढिगापाशी आधी थांबावं हे कळेनासं होतं.

ढिगांचीही एक उतरंड असते. सगळ्यांत खाली, किमतीनेही खाली, जवळा. गुलाबी-करडा, पिसासारखा हलका, मापाने किंवा किलोने विकला जाणारा. तो घेताना मूठभर उचलून तळहातावर पसरायचा. वाळू किती निघते ते बघायचं आणि मग भाव करायचा. त्याच्या वर करंदी, म्हणजे बारीक कोळंबीची सुकट. मग मांदेली, वाकट्या, खारा बांगडा. मोठ्या माशांत खारवलेली सुरमई, घोळ, मुशी. हे तुकडे लाकडासारखे कडक असतात. आणि सगळ्यांच्या वर, किमतीनेही वर, सोडे. सोललेली, सुकवलेली कोळंबी. सीकेपी घरात सोड्याची खिचडी हा मानाचा पदार्थ आहे आणि पाठारे प्रभूंचंही त्याच्यावाचून चालत नाही. त्यामुळे सोड्याच्या ढिगापाशी जी घासाघीस चालते तिचा सूरच वेगळा. तिथे गिऱ्हाईक एकेक सोडा उचलून वास घेतं, मोडून बघतं, रंग विचारतं. फार लाल असला तर ‘रंग लावलाय का?’ असंही तोंडावर विचारतं. विकणारीही तितक्याच तयारीची. ‘बाय, तू घेऊ नको, पण मालाला नाव ठेवू नको’ या अर्थाचं काहीतरी ऐकायला मिळतं. तेवढ्यात भाव ठरलेलाही असतो.

बोंबील मात्र या उतरंडीत बसत नाही, तो बाजाराचा यजमान आहे. त्याच्या जुड्या दुसऱ्या कुठल्याही मालापेक्षा जास्त जागा अडवतात. भाव किलोचा असतो, शेकड्याचाही असतो. जुन्या बायका अजून शेकड्यावरच बोलतात. चांगला बोंबील पांढुरका-पिवळसर, सरळ, मोडला तर टचकन मोडणारा. लालसर पडलेला किंवा लवलवणारा घेऊ नये. तो नीट वाळलेला नसतो, डब्यात बुरशी धरतो.

त्याच्या वाळण्यामागची मेहनत ठाऊक असली की भावाबद्दलची कुरकूर कमी होते. ओल्या बोंबिलात जवळजवळ नव्वद टक्के पाणी. तो पकडला जातो डोल जाळ्यात. समुद्रात खुंट रोवून, प्रवाहाला तोंड करून बांधलेली ही भली मोठी नरसाळ्यासारखी जाळी. भरती-ओहोटीचं पाणीच मासा आत ढकलतं. त्यामुळे उधाणाच्या दिवसांत, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, डोल भरते आणि भांगाला रिकामी-रिकामी येते. किनाऱ्यावर आलेला बोंबील साफ करून दोन-दोनच्या जोड्या केल्या जातात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. बांबूंचा हा उंच मांडव म्हणजे वलांडी. मीठ लागत नाही. ऊन आणि खारा वारा पुरतो. ऊन चांगलं असलं तर तीन-चार दिवसांत काम होतं. हे सगळं करतात बायका. मासा आणेपर्यंत पुरुषाचं राज्य, मासा वाळूला लागला की बाईचं. पैसाही तिच्याच कमरेच्या पिशवीत. शहरात अर्थशास्त्राचे वर्ग घेतले जातात, तिथे या पिशवीवर एखादा तास ठेवायला हरकत नाही.

मरोळच्या वर्षाला दोन टोकं आहेत. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस समुद्र बंद. माशांच्या विणीचा काळ. कोळीवाड्याच्या लेखी मात्र खरं वर्ष नारळी पौर्णिमेला सुरू होतं. दिवाळीच्या सुमाराला वलांड्या भरू लागतात आणि मे महिन्यात बाजार फुगतो, कारण तेव्हा अगोटीची खरेदी चालते. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची ही कोकणी रीत: तांदूळ, मसाला, कोकम, पापड आणि सुकी मासळी. घरात फ्रीज असला तरी रीत टिकली आहे. जुलैत बाहेर पाऊस कोसळत असताना ओली मासळी महाग आणि शिळी. अशा वेळी बोंबील तव्यावर भाजून, खोबरं-लसूण घालून ठेचला की दोन भाकऱ्या जास्त जातात. हे कुठल्याही आहारतज्ज्ञाने न सांगता लाखो घरांना ठाऊक आहे.

आता साहजिक प्रश्न येतो. मासळीचा एवढा मोठा बाजार समुद्रकाठी वेसाव्याला भरायचा सोडून आत, मरोळला का? याचं उत्तर साष्टीच्या नकाशात आहे असं मला वाटतं. जुनी साष्टी म्हणजे मुंबईच्या उत्तरेचं बेट, खाड्यांनी वेढलेलं. त्याच्या पश्चिमेला कोळीवाडे, मध्ये भातशेती आणि पूर्वेला पवई-कुर्ल्याकडची गावं. मरोळ यांच्या मधोमध. कुर्ल्याहून येणारी, अंधेरीहून येणारी आणि आरेच्या जंगलाकडून उतरणारी वाट इथे एकमेकींना भेटते. ओला मासा किनाऱ्यापासून लांब नेता येत नाही, पण सुका कितीही लांब जातो. त्यामुळे सुक्याचा बाजार गिऱ्हाइकाच्या पायाखाली यावा हेच शहाणपणाचं. शेतावर राबणारा, जंगलात राहणारा, भाताबरोबर तोंडी लावायला काहीतरी हवं असलेला माणूस इथेच होता.

त्या शेतीच्या मरोळची खूण अजूनही दिसते, फक्त परवानगी काढावी लागते. सीप्झच्या कुंपणाच्या आत सेंट जॉन द बाप्टिस्ट या चर्चचे अवशेष उभे आहेत. जेझुइटांनी १५७९ मध्ये कोंडिविट्याला बांधलेलं हे चर्च. १८४० मध्ये साथीमुळे गावाने ते सोडलं आणि प्रार्थनास्थळ मरोळला हलवलं. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांनी घेतली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. राज्यं बदलली, ईस्ट इंडियन कुटुंबं मात्र मरोळ, चकाला, आंबोली, गुंदवलीत राहिली, भात लावत राहिली, भाषा मराठी आणि देव्हाऱ्यात क्रूस. त्यांचा बाटली मसाला एप्रिल-मेच्या उन्हात तयार होतो. वीस-पंचवीस जिन्नस भाजून, कांडून, गडद बाटल्यांत दाबून भरलेला. मसाला आणि सुकी मासळी यांची खरेदी एकाच महिन्यात येते हा योगायोग नाही. दोन्हींना तेच ऊन लागतं.

अंधेरीच्या बाजारांची पुढची घडण रेल्वेने केली. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून बॅकबेपर्यंत दिवसाला एक लोकल धावू लागली. तिच्या थांब्यांत अंधेरी होती, त्या वेळच्या लेखी ‘अंदारू’. १९२८ मध्ये तर अंधेरीहून कुर्ल्यामार्गे तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, जाणारी आगगाडीही निघाली, पण विमानतळाने तिचा गळा घोटला. १९३४ मध्ये ती बंद झाली. १९५० मध्ये अंधेरी मुंबई महापालिकेत आली. साठच्या दशकात कारखाने आले, १९७३ मध्ये सीप्झ. आणि कारखान्यांबरोबर लालबाग-परळचा माणूस आला. आझाद नगरचा ‘अंधेरीचा राजा’ हा गणपती १९६६ मध्ये बसवला तो गोल्डन टोबॅको, टाटा स्पेशल स्टील आणि एक्सेल इंडस्ट्रीजच्या कामगारांनी. हा माणूस कोकणातला. त्याची आई गावी अगोट भरत होती. तो इथे शनिवारी पगाराच्या पैशातून पाव किलो सुकट घेऊ लागला. बाजाराला नवं गिऱ्हाईक मिळालं, बाजाराने मात्र आपला वार सोडला नाही.

स्टेशनजवळचा बाजार अगदीच वेगळ्या चालीचा. अंधेरी पश्चिमेला उतरलं की एस. व्ही. रोड, म्हणजे जुना घोडबंदर रोड, आणि त्याला लागून भाजी, फळं, फुलं, भांडी, कपडे, मोबाइलची कव्हरं. इथे कुणी बेगमी करत नाही. इथली खरेदी दोन लोकलच्या मधल्या वेळात होते: कोथिंबिरीची जुडी, पाव किलो भेंडी, सुटे पैसे तयार. पावसाच्या सुरुवातीला मात्र दृश्य थोडं बदलतं. आरेच्या पाड्यांतून आणि पालघरकडून येणाऱ्या बायका फुटपाथवर टाकळा, शेवळं, कंटोळी, फोडशी घेऊन बसतात. शेवळाबरोबर काकडं घालायची असतात, नाहीतर घशाला खाज सुटते. ती त्या न विचारता जुडीबरोबर देतात. अर्ध्या तासाच्या अंतरावरचं जंगल असं चार आठवडे स्टेशनच्या दारात येऊन बसतं.

बसतं म्हणायचं, पण किती वेळ बसू दिलं जाईल ते सांगता येत नाही. २०१७ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचं ठामपणे सांगितलं. गर्दीच्या जिवाचा विचार केला तर आदेश समजण्यासारखा आहे. पण २०१४ च्या फेरीवाला कायद्याने ज्या नोंदणीचं आणि जागेचं वचन दिलं होतं, ते पुरं न होता फक्त गाडी येऊन माल उचलते, तेव्हा शेवळंवाली आणि मोबाइल-कव्हरवाला एकाच पट्टीने मोजले जातात. पट्टी चुकीची आहे. एक चार आठवड्यांचा पाहुणा आहे, दुसरा बारमाही.

पूर्व-पश्चिमेचं नातंही या बाजारांसाठी फार नाजूक. ३ जुलै २०१८ ला गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. पुढे ७ नोव्हेंबर २०२२ पासून अख्खा पूल वाहतुकीला बंद झाला. एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ ला उघडली आणि पूर्ण पूल मे २०२५ मध्ये. वेसाव्याहून मरोळला माल न्यायचा म्हणजे रूळ ओलांडायचे. त्या काळात टेम्पोला वळसा, म्हणजे जास्त डिझेल आणि आणखी लवकर उठणं. मेट्रो २०१४ पासून वेसावे ते घाटकोपर अशी डोक्यावरून धावते आणि मरोळ नाक्याला थांबते. पण सुक्या बोंबिलाची गोणी घेऊन वातानुकूलित डब्यात कोण चढू देईल?

वेसाव्यात गेलं की मरोळच्या मालाची मुळं दिसतात. वेसावे हा मुंबईतल्या मोठ्या कोळीवाड्यांपैकी एक. बाहेर चार बंगला, सात बंगला, यारी रोड, सिनेमावाल्यांचे कॅफे, आत गल्ल्या. मांडवी गल्ली, बुधा गल्ली, शिव गल्ली, डोंगरी गल्ली आणि एक चक्क बाजार गल्ली. प्रत्येक गल्लीची आपली जमात, आपला पंच, आपला होळीचा मान. अंधेरीचा राजा इतरांसारखा अनंत चतुर्दशीला जात नाही. संकष्टीला निघतो आणि वेसाव्याच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या होडीतून समुद्रात जातो. कारखान्याची अंधेरी आणि कोळ्यांची अंधेरी यांचं एवढं उघड नातं दुसरीकडे दिसत नाही. दादाभाई नौरोजींनी १९०७ नंतरची आपली अखेरची वर्षं इथेच वेसाव्याला काढली. मेट्रोचं डी. एन. नगर हे स्टेशन त्यांच्याच नावाचं, हे रोज उतरणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं कोण जाणे.

बोटी लागल्या की बंदरावर लिलाव होतो. ओल्याचा निकाल तिथेच लागतो. पापलेट, सुरमई, मोठी कोळंबी घाऊक व्यापारी उचलतात. काही बायकांच्या पाट्यांत जाऊन चार बंगल्याच्या आणि स्टेशनच्या मंडईत वाटे मांडले जातात. उरतो तो बोंबील, जवळा, मांदेली. भरघोस येणारा आणि लगेच खराब होणारा. तोच वलांडीवर आणि वाळूवर जातो, तोच पुढे शनिवारी मरोळला. म्हणजे ज्याला त्या दिवशी ओला म्हणून भाव आला नाही, त्याला ऊन दाखवून तीन महिन्यांनी भाव आणायचा. सुक्या मासळीचं सगळं गणित या एका वाक्यात आहे.

ते गणित अलीकडे सारखं चुकतं. वलांडीला उघडं आभाळ लागतं, आणि आभाळाचा भरवसा राहिला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळ आलं, ऐन हंगाम उघडताना. ३ जून २०२० ला निसर्ग. १७ मे २०२१ ला तौक्ते, म्हणजे अगोटीच्या बाजाराच्या अगदी तोंडाशी. त्याच वर्षी १ डिसेंबरला मुंबईत अवकाळी पाऊस झाला. भिजलेला बोंबील पुन्हा वाळवता येतो, पण लालसर पडतो. मग तो माणसाच्या ताटात जात नाही, कोंबड्यांच्या खाद्यात जातो, आणि त्या भावाने वलांडीचा बांबूही सुटत नाही. गच्चीवर जाळीखाली किंवा सौर यंत्रात मासळी वाळवण्याचे प्रयोग झाले आहेत. माल स्वच्छ निघतो. पण एका दिवसात किनाऱ्यावर येऊन पडणाऱ्या बोंबिलाच्या राशीपुढे ते यंत्र फार लहान पडतं. शिवाय वलांडीला लागणारी मोकळी वाळूही दरवर्षी कमी होते आहे.

बाजाराची जागा हा दुसरा घोर. २०२१ मध्ये दादरचा घाऊक मासळी बाजार हटवताना पर्याय म्हणून ऐरोलीबरोबर मरोळचं नाव पुढे आलं. कागदावर मरोळ म्हणजे एक भूखंड. त्यावर आधीच शनिवार बसलेला आहे हे कागदाला दिसत नाही. छप्पर, पाणी, रात्री लांबून येणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह या कोळणींच्या मागण्या मुंबईतल्या कुठल्याही मासळी बाजारात वर्षानुवर्षं त्याच आहेत. त्या पुऱ्या व्हाव्यात. पण नवी मंडई बांधणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. ओली मासळी ओट्यावर मांडता येते, सुकी ओट्यावर मावत नाही. तिला जमीन लागते, रुंद, मोकळी, वारा असलेली. गाळ्यांचे नंबर पाडून दिले तर जवळ्याचे ढीग कुठे लावायचे?

जायचं ठरलं तर मेट्रोने मरोळ नाक्यापर्यंत आणि पुढे रिक्षा. पहाटे घाऊक खरेदी चालते, तेव्हा किरकोळ गिऱ्हाइकाकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नसतो. सात-साडेसातला गर्दी सैलावते. मे महिन्यातला शेवटचा शनिवार टाळावा. सगळी मुंबई अगोट भरायला त्याच दिवशी येते आणि भाव तिच्याबरोबर चढतात. फेब्रुवारी-मार्चमधला बोंबील कोरडा आणि स्वच्छ मिळतो. जवळा चाळणीने चाळून, घरी आणल्यावर एकदा उन्हात टाकून, कोरड्या डब्यात भरावा. कापडी पिशवी नेऊ नये, नायलॉनची न्यावी. आणि भवानीच्या वेळी फार घासाघीस करू नये. पहिलं गिऱ्हाईक असाल तर मावशी भाव सोडतील, पण मापात जे दोन मुठी जास्त मिळतात ते मिळणार नाहीत.